दोन राणीछाप

आमच्या बिल्डिंगमध्ये गुरुप्रसाद गायधनींइतका घाबरट माणूस दुसरा नाही, आणि हे मी त्यांच्या तोंडावरही म्हणते. दोह्यातल्या अल मन्सूराच्या आमच्या गल्लीत दुपारी चिटपाखरू नसतं, तरी हा माणूस सिग्नलचं बटण दाबून हिरवा दिवा लागेपर्यंत उन्हात उभा राहतो. क्यूआयडी, म्हणजे इथलं ओळखपत्र, खिशात, त्याची झेरॉक्स पाकिटात आणि झेरॉक्सची झेरॉक्स गाडीत. सकाळी उठून देवाला हात जोडायच्या आधी ते मोबाइलवर मेत्राश उघडतात आणि सरकारदरबारी आपल्या नावावर काही दंड, काही बंदी चढलेली नाही ना, ते बघून घेतात. त्यांच्या बायकोच्या, शोभावहिनींच्या, हातच्या पुरणपोळ्यांना अख्ख्या दोह्यातून मागणी आहे, पण लायसन्स नाही म्हणून त्यांना एक ऑर्डर घेऊ देत नाहीत.

"वहिनी, आपण दुसऱ्याच्या घरात राहतोय," ते मला सांगत. "दुसऱ्याच्या घरात पाय पसरून बसायचं नसतं."

मी कराडची. आमच्याकडे आधी भांडतात, मग कशावरून ते विचारतात. त्यामुळे समोरच्या फ्लॅटमधल्या या शेजाऱ्याची मी मनसोक्त टिंगल करायची. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात, तो त्या डिसेंबरात खरोखरच गायधनींच्या दारात येऊन उभा राहिला. तेव्हा मात्र मला हसू आलं नाही.

गायधनी भावोजी मूळचे नाशिकचे, पंचवटीतले. इथं गॅस कंपनीत इन्स्ट्रुमेंटेशनला आहेत. काँट्रॅक्ट दरवर्षी नवं होतं, आणि ते हातात पडेपर्यंत त्यांना धड जेवण जात नाही. मुलगा अमेय पुण्यात इंजिनिअरिंगला आहे, तो सगळा भार या एका नोकरीवर. इथून कुणी काढून लावलं तर काय, हा विचार त्यांच्या डोक्यातून कधी जात नाही. तो आमच्याही डोक्यात असतो, पण आम्ही त्यावर कराक चहा पितो आणि विसरतो. त्यांना विसरता येत नाही, एवढाच फरक.

त्या आधीच्या हिवाळ्यात आम्ही दोन्ही घरं उत्तरेच्या किनाऱ्यावर पिकनिकला गेलो होतो. तिथं शोभावहिनींचं मंगळसूत्र वाढलं. मणी गोळा झाले, एक वाटी सापडली, दुसरी वाळूत गेली ती गेलीच. वहिनींनी नवी करून घेतली आणि विषय संपवला. भावोजींचा काही संपला नाही. अपशकुन हा शब्द त्यांनी उच्चारला नाही, पण मनात तेच होतं.

तेवढ्यात त्यांच्या ऑफिसातला एक ब्रिटिश कलीग कायमचा परत निघाला. इथं माणूस कायमचा निघाला की घर वाटून टाकतो, कुणाला फ्रीज, कुणाला कुंड्या. भावोजींच्या वाट्याला मेटल डिटेक्टर आला. लांब दांडा, खाली ताटाएवढी चकती आणि कानाला लावायचे हेडफोन. जमिनीखाली धातू असला की कानात आवाज येतो. हे यंत्र इथं वापरलेलं चालतं का, हे भावोजींनी कुणालाही विचारलं नाही. मोकळ्या रस्त्यावर सिग्नलचं बटण दाबणारा माणूस, पण हे विचारलं नाही. विचारलं तर नाही म्हणतील याची भीती वाटली, असं ते मला नंतर म्हणाले.

थंडी पडली आणि दर शुक्रवारी ते वाटी शोधायला किनाऱ्यावर जाऊ लागले. कोल्ड्रिंकची झाकणं, तंबूचे खिळे, शोर्मा गुंडाळायची चांदी, असलं पिशवीभर भंगार घेऊन परत यायचे. तिथून जवळच जुन्या कोळ्यांचं एक ओस पडलेलं गाव आहे, पडक्या भिंती आणि अर्धी मशीद. तिथं आत शिरू नका म्हणून बोर्ड आहे. भावोजी त्या बोर्डाच्या आसपासही फिरकत नसत.

डिसेंबरातल्या एका शुक्रवारी आम्हीही त्यांच्याबरोबर गेलो. आदल्या दिवशी पाऊस होऊन गेला होता आणि शमाल सुटला होता. हा उत्तरेचा वारा नाशिकच्या थंडीसारखा सरळ वागत नाही, वाळू घेऊन येतो आणि कानातोंडात शिरतो. मी, माझा नवरा वरुण आणि शोभावहिनी गाडीच्या काचा वर करून थर्मासमधला चहा पीत बसलो होतो. भावोजी माकडटोपीवर हेडफोन चढवून एकटेच वाकून वाकून चालत होते. मी म्हटलं, "वहिनी, यांना असं कुणी बघितलं तर आधी पोलिसांना फोन करेल." वहिनी हसल्या. आम्ही तिघंही हसलो.

पावसानं आणि वाऱ्यानं वाळूचा वरचा थर निघून गेला होता. भावोजी एका जागी थांबले, गुडघ्यावर बसले आणि वहिनींच्या जुन्या उलथन्यानं उकरू लागले. मग उठून धावतच गाडीकडे आले. त्यांच्या तळहातावर एक काळी, खडबडीत चकती होती. मला तर कोटाचं बटण वाटलं. त्यांनी थुंकी लावून अंगठ्यानं घासलं तसा बाईचा चेहरा वर आला, डोक्यावर मुकुट असलेला.

"राणीछाप," भावोजी म्हणाले. थंडीनं त्यांचे दात वाजत होते. "शोभा, आईच्या रुपयासारखाच आहे बघ. सालसुद्धा तेच, अठराशे बासष्ट."

आईच्या रुपयाची गोष्ट आम्हाला सगळ्यांना पाठ होती. भावोजींच्या बारशाला त्यांच्या आजोळहून एक राणीछाप रुपया आला होता. आईनं तो जन्मभर देवघरात ठेवला, दर लक्ष्मीपूजनाला त्याला हळदकुंकू वाहिलं. भावोजी पहिल्यांदा कतारला निघाले तेव्हा तिनं रुमालाच्या कोपऱ्यात गाठ मारून तो त्यांना दिला. कोविडच्या वर्षी आई गेली. विमानं बंद होती. भावोजींनी तिचं शेवटचं दर्शन मोबाइलवर घेतलं. तिचं म्हणून या घरात जे काही आहे ते तो रुपया.

वरुणला जुन्या गोष्टींची आवड. तो म्हणाला, पूर्वी या किनाऱ्यावर मोत्यांचा धंदा चालायचा, माल मुंबईला जायचा, आणि इथल्या बाजारात आपलाच रुपया चालायचा.

"म्हणजे आपलाच की हा," शोभावहिनी म्हणाल्या. "आपला रुपया आपल्या घरी आला."

वाटीच्या बदल्यात लक्ष्मी आली असं त्यांच्या मनानं घेतलं. गेलं वर्षभर नवऱ्याच्या मनात सलणारा काटा निघतोय म्हटल्यावर कोण आडवं बोलणार? तो रुपया वाळूतून उचलावा की नाही, हा प्रश्न त्या गाडीत बसलेल्या चौघांपैकी एकाच्याही डोक्यात आला नाही.

पुढचा गुरुवार मार्गशीर्षातला. वहिनी दरवर्षी महालक्ष्मीचा घट मांडतात आणि संध्याकाळी ओळखीच्या बायकांना हळदीकुंकवाला बोलावतात. आदल्या दिवशी त्यांनी देवाची सगळी भांडी काढली. चिंच आणि मीठ लावून ताम्हन, पळी, निरांजन घासलं, वर पितांबरीचा हात फिरवला. हातासरशी दोन्ही रुपयेही घासले. काळी लक्ष्मी देवापुढे कशी ठेवायची, हा त्यांचा सरळ विचार. दोन्ही रुपये नव्यासारखे लखलखीत निघाले. त्यांनी ते ताम्हनात तांदळावर शेजारी शेजारी मांडले आणि ओल्या बोटानं दोन्हींना हळदकुंकू लावलं.

हळदीकुंकवाला चैत्राली आली होती. आमच्या मराठी मंडळातली नव्यानं आलेली मुलगी, हौशी, मनानं चांगली, आणि हातातला फोन जेवतानाही खाली न ठेवणारी. वहिनींनी तिला कौतुकानं सगळी हकीकत सांगितली. तिनं ताम्हनाचा फोटो काढला आणि प्रसादाची खीर संपायच्या आत मंडळाच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, "गायधनीकाकांना कतारच्या वाळूत सापडलेली लक्ष्मी." त्या ग्रुपवर दोह्यातली निम्मी मराठी माणसं आहेत.

खाली पाच-पन्नास जोडलेल्या हातांचे इमोजी येऊन झाले. मग संजीवचा मेसेज आला. हा वेस्ट बेमध्ये एका बँकेत कंप्लायन्सला आहे आणि प्रत्येक पोस्टखाली कुठला ना कुठला नियम सांगतो, म्हणून आम्ही त्याच्याकडे लक्ष देत नाही. त्यानं लिहिलं होतं, "हे ताबडतोब डिलीट करा. जमिनीतली जुनी वस्तू इथं सरकारची असते. उचलून घरी नेणं गुन्हा आहे. आत जाल, वर डिपोर्ट व्हाल."

चैत्रालीनं घाबरून फोटो काढून टाकला. पण काढून टाकला की तिथं तशी ओळ दिसते, आणि ती ओळ बघून ज्यांनी फोटो पाहिला नव्हता तेही विचारू लागले की काय होतं, काय होतं.

भावोजी ड्यूटीवरून आले तेव्हा बायका निघत होत्या. त्यांनी दारातच फोन उघडला. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते. त्यांची अक्षरशः पाचावर धारण बसली. ते बूट न काढताच आत आले, सोफ्याच्या टोकाला बसले आणि म्हणाले, "शोभा, दार लावून घे."

शुक्रवारी सुटी होती. भावोजी दिवसभर खिडकीच्या पडद्याआडून खाली बघत होते. नॅशनल डे जवळ आलेला, त्यामुळे गल्लीत झेंडे लावलेल्या पांढऱ्या लँडक्रूझर येत-जात होत्या, आणि यांना प्रत्येक गाडी आपल्यासाठीच आलेली वाटत होती. चोराच्या मनात चांदणं. एका अनोळखी नंबरवरून तीनदा फोन आला, त्यांनी उचलला नाही. शेवटी वहिनींनी उचलला तर पाण्याच्या मोठ्या बाटल्यांवर सूट मिळते हे सांगणारा मुलगा होता. तेवढ्यात दाराची बेल वाजली. भावोजी बाथरूममध्ये जाऊन उभे राहिले. बेल मीच वाजवली होती, वाटीभर आमटी द्यायला.

अमेयला पुण्याला फोन लावला. तो म्हणाला, "बाबा, रिलॅक्स. नोबडी केअर्स अबाउट वन कॉइन." भावोजी त्याला म्हणाले, "हळू बोल. फोनवर तो शब्द नको."  तेव्हा पोरगा मराठीत म्हणाला, "बाबा, तुम्ही खरंच घाबरलाय का?" एरवी तो आईबापाशी मराठीत बोलत नाही.

शनिवारी दुपारी भावोजींनी ठरवलं की रुपया समुद्रात टाकून द्यायचा. समुद्राचा होता, समुद्राला परत. त्यांनी किल्ली माझ्या हातात दिली आणि गाडी मीच चालवायला घेतली. वहिनी मागे बसल्या. समुद्राकाठच्या कॉर्निशला पोचलो तर तिथं नॅशनल डेच्या परेडची तयारी, लोखंडी कठडे, आणि जिकडे बघावं तिकडे पोलीस. खांबाखांबावर कॅमेरे. भावोजी गाडीतच बसून राहिले. समोर समुद्र खळाळत होता, वारा सुटला होता, पोरं पतंग उडवत होती. मलाही तिथं थांबावंसं वाटेना.

"तो रुपया दे," अखेर भावोजी म्हणाले. "मी फिरत फिरत जातो आणि हळूच सोडतो."

वहिनींनी पर्समधून रुमाल काढला, गाठ सोडली आणि हात पुढे केला. तळहातावर दोन रुपये होते.

"दोन कशाला आणलेस? सापडलेला दे."

वहिनी बराच वेळ त्या दोन्हींकडे बघत होत्या. एक उचलून उन्हात धरला, खाली ठेवला, दुसरा उचलला. मग म्हणाल्या, "अहो, मला ओळखू येत नाहीये."

भावोजींनी चष्मा पुसला आणि दोन्ही डोळ्यांजवळ नेले. मी मोबाइलचा टॉर्च लावला. दोन्हीकडे तीच राणी, तेच साल. दोन्ही झिजलेले, दोन्ही चिंचेनं उजळलेले, दोन्हींवर परवाचं हळदकुंकू. सापडलेला काळा होता, ही एकच खूण होती, आणि ती वहिनींनी मोरीत घासून काढली होती.

"कुठलाही एक टाका," मी वैतागून म्हटलं. "सुटाल एकदाचे."

"आणि तो सासूबाईंचा निघाला तर?" वहिनी म्हणाल्या.  "मी नाही टाकू देणार. काय व्हायचं ते होऊ दे."

 भावोजी दोन्ही रुपये मुठीत धरून बसले होते. एका रुपयानं त्यांना तुरुंगात घातलं असतं आणि दुसरा त्यांच्या आईचा होता, आणि कुठला कुठला हे त्यांना सांगता येत नव्हतं. एक पोलीस आमच्या गाडीजवळून चालत गेला. तो गाडी पुढे घ्या एवढंच खुणेनं सांगत होता. भावोजींनी डोळे मिटून घेतले, आणि मी पाहिलं की त्यांचे ओठ हलत होते. मी गाडी वळवली.

 परत येताना अल मन्सूराच्या सिग्नलला थांबलो तेव्हा भावोजी म्हणाले, "वहिनी, उद्या ऑफिसं उघडतील. मीच जातो. जुन्या वस्तूंचं खातं आहे ना मुशैरिबच्या बाजूला, तिथं. ते न्यायला येतील त्यापेक्षा मी गेलेलं बरं. निदान बूट नीट घालून जाईन."

"आणि कुठला देणार?" मी विचारलं.

"दोन्ही. एक दिला आणि तो चुकीचा निघाला, तर चोरी राहिलीच घरात. मला झोप लागायची नाही."

मागून वहिनींचा हुंदका ऐकू आला. त्या नको म्हणाल्या नाहीत.

रविवारी सकाळी मी निघाले तेव्हा वरुण दारात उभा होता. "तू कशाला आत जातेस? बाहेर गाडीत बस. उगाच तुझं नाव कुठं लागायला नको." मी त्याला म्हटलं, त्या दिवशी चहा पिताना आपण दोघंही तिथंच होतो, तेव्हा नाव आठवलं नाही का? चांगली दोन वाक्यं ऐकवली. पण खुंटीवरची गाडीची किल्ली काढताना माझाही हात थांबला होता, तो वरुणला दिसला नाही एवढंच.

गायधनींच्या दारात एक छोटी निळी बॅग तयार होती. वहिनींनी भरली होती. बीपीच्या गोळ्या, दोन शर्ट, टॉवेल, दाढीचं सामान, स्वेटर आणि हनुमानाचा छोटा फोटो. "आत ठेवून घेतलं तर," वहिनी म्हणाल्या, "थंडीचे दिवस आहेत." मी म्हटलं, असं काही होणार नाही. पण होणार नाही हे मला कुठं माहीत होतं? भावोजींनी दांडा सुटा करून डिटेक्टर एका पोत्यात बांधून घेतला होता. हेडफोन, चार्जर आणि जास्तीची बॅटरीसुद्धा. उलथनंही त्यात होतं.

ऑफिस स्वच्छ आणि शांत होतं. समोर मिशीवाला पोलीस असेल असं आम्ही धरून चाललो होतो, तर काउंटरपलीकडे काळ्या अबायातली एक तरुण कतारी बाई होती. भावोजींनी रात्री बसून इंग्लिश वाक्यं पाठ केली होती. ती सगळी विसरले. त्यांनी रुमाल सोडला, दोन्ही रुपये पुढे ठेवले आणि म्हणाले, "मॅडम, वन इज स्टोलन. आय स्टोल. आय डोंट नो व्हिच वन."

बाईंना काहीच कळलं नाही. मग मी सांगायला घेतलं. वाटीपासून सुरुवात केली, पाऊस, वारा, उलथनं, पूजा, चिंच, सगळं. ऐकताना त्यांचा चेहरा हलला नाही. पोतं उघडून त्यांनी डिटेक्टर बघितला तेव्हा मात्र त्यांच्या कपाळावर आठी आली. "हे आणायला परवानगी होती तुमच्याकडे?" भावोजींनी मान खाली घातली. बाईंनी दोन्ही रुपये, डिटेक्टर आणि भावोजींचं क्यूआयडी उचललं, आम्हाला बसायला सांगितलं आणि आतल्या दारानं गेल्या. दार लागलं.

ते कार्ड वीस वर्षांत भावोजींच्या नजरेआड कधी गेलं नव्हतं. ते त्या बंद दाराकडे बघत बसले. बॅग मांडीवर. एक माणूस आतून आला, आमच्याकडे बघितलं, फोनवर अरबीत काही बोलला आणि परत आत गेला. त्यात मला एकच शब्द कळला, "हिंदी." आम्हा भारतीयांना ते हिंदीच म्हणतात. वहिनींनी भावोजींचा हात धरला. चारचौघांत त्यांनी नवऱ्याचा हात धरलेला मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला. भावोजी हळू आवाजात सांगत होते, अमेयच्या कॉलेजात कुणाशी बोलायचं, नाशिकच्या घराची किल्ली कुणाकडे आहे, माझ्यामागे एकटी इथं राहू नकोस. मला ते ऐकवेना. मी उठून पाण्याच्या मशीनपाशी गेले आणि तहान नसताना पाणी प्यायले. 

किती वेळ गेला कोण जाणे. बाई परत आल्या तेव्हा त्यांच्या हातात हातमोजे होते आणि बरोबर एक जाड भिंग. त्यांनी दोन्ही रुपये कापडावर ठेवले, दिवा खाली ओढला आणि मलाच बोलावलं, कारण भावोजी बॅग धरून खुर्चीतच बसून होते.

"हे लाल काय आहे?" त्यांनी विचारलं.

मी भिंगातून बघितलं. मी म्हटलं, "कुंकू. आम्ही पूजेला वाहतो. पण ते दोन्हींना लावलंय."

"हो, दोन्हींवर आहे. पण याच्यावर फक्त वर आहे, ताजं." त्यांनी एक रुपया सरकवला. "आणि खाली बारीक भोकं बघा, ती समुद्राच्या मिठानं पडतात. अक्षरांच्या खाचेत पांढरी खरपुडी राहिलीय, ती तुमच्या चिंचेलाही निघाली नाही. हा समुद्राचा." मग दुसरा घेतला. राणीच्या केसांच्या खाचा, मुकुटाच्या कडा, कानामागची रेघ, सगळीकडे लाल, त्याखाली पिवळं, त्याखाली पुन्हा काळपट लाल, दगडासारखं बसलेलं. "याची कुणीतरी फार वर्षं पूजा केलीय," बाई म्हणाल्या. "हा आमचा नाही. हा तुम्ही घेऊन जा."

शोभावहिनींनी पदर पुढे केला आणि त्यात तो रुपया घेतला. भावोजी खुर्चीत बसल्या बसल्याच रडायला लागले, लहान मुलासारखे, आवाज करून. बाईंनी त्यांच्यापुढे टिश्यूचा डबा ठेवला. कार्डही त्याच्यावर ठेवलं.

मग त्या कडक आवाजात बोलल्या. सापडलेली वस्तू हलवायची नसते, जागेवर ठेवून कळवायचं असतं. उचलून, घासून त्या वस्तूनं जे सांगितलं असतं ते सगळं तुम्ही मोरीत सोडलं. डिटेक्टर इथं राहील. रुपया जिथं सापडला ती जागा त्यांनी नकाशावर दाखवून घेतली. भावोजी प्रत्येक वाक्याला मान हलवत होते.

"मग आता, मॅडम?" त्यांनी विचारलं. "माझ्यावर केस?"

बाईंनी पेन ठेवलं. "तुम्ही स्वतः आलात, ते मी सांगेन वर. आता घरी जा. गरज पडली तर आम्ही फोन करू."

आम्ही बाहेर आलो. उजेडानं डोळे दिपले. वहिनी म्हणाल्या, सुटलो बाई एकदाचे. मीही म्हटलं, देव तारी त्याला कोण मारी, चला कराक पाजते. भावोजी दोन पावलं मागे होते. "गरज पडली तर, म्हणाल्या ना त्या?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, अहो, बोलायची रीत असते ती.  चहा त्यांनी अर्धा टाकला.

फोन आला नाही. नॅशनल डे झाला, थंडी ओसरली. भावोजींचं काँट्रॅक्टही त्या वर्षी नेहमीसारखं नवं झालं. त्याआधी, मार्गशीर्षातल्या शेवटच्या गुरुवारी, वहिनींनी आईचा रुपया ताम्हनात मांडला, आणि या वेळी घासला नाही. मला वाटलं, चला, प्रकरण मिटलं. मी पुन्हा जिन्यात त्यांची टिंगल करायला सुरुवात केली.

होळीच्या सुमारास आम्हाला चार दिवस मस्कतला जायचं होतं आणि एक लहान बॅग हवी होती. मी समोर गेले. गायधनींच्या दारामागे तीच निळी बॅग होती. "ही नेते हो," म्हणून मी उचलली, तर ती जड होती.

"ती नको, नमिता. तुला दुसरी देते," वहिनी म्हणाल्या. मग माझ्याकडे बघून त्यांनीच चेन उघडली. शर्ट, टॉवेल, दाढीचं सामान, हनुमानाचा फोटो, सगळं जागच्या जागी होतं. गोळ्यांचं पाकीट नवं होतं. "जुन्यांची तारीख संपली होती, बदलल्या," वहिनी म्हणाल्या. "स्वेटर तेवढा काढून ठेवलाय. आता उन्हाळा येईल."

"वहिनी, इतके महिने झाले."

"मी दोनदा रिकामी केली गं. ते सकाळी पुन्हा भरून ठेवतात. म्हणून आता मीच नीट भरून ठेवते."

आतून भावोजींचा आवाज आला, कोण आहे म्हणून. वहिनींनी चेन लावली आणि बॅग परत दारामागे सरकवली, हाताशी येईल अशी. मी दुसरी बॅग घेऊन घरी आले. मस्कतच्या विमानतळावर आपल्याला कुणी अडवलं तर, असं एकदम मनात आलं. वरुण आंघोळीला गेला होता. मी फोन घेतला आणि आयुष्यात पहिल्यांदा मेत्राश उघडून आमच्या दोघांच्या नावांवर काही आहे का ते बघितलं. काही नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पुन्हा बघितलं.